अनसूया कबाडे यांचं वजन

अनसूया कबाडे ही बाई सहा वर्षं आमच्या घरी जेवत होती. ती अस्तित्वात नव्हती, एवढी एक गोष्ट सोडली तर तिच्याबद्दल कुणाची कधी तक्रार आली नाही.

तिला जन्म दिला तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. सोलापुरात एका पोषण संशोधन संस्थेचं सर्वेक्षण सुरू झालं होतं. चारशे घरं, सहा वर्षं, आणि दर महिन्याला एकच प्रश्न: काल सकाळपासून काय काय खाल्लंत? माझ्या वाट्याला चाळीस घरं आली. त्यातलं सदतिसावं कबाड्यांचं. ते कबाडे सर्वेक्षण सुरू व्हायच्या आठवड्यात दाराला कुलूप लावून हैदराबादला गेले, ते गेलेच. मी रिकामा फॉर्म घेऊन आमचे पर्यवेक्षक गायधनी सर यांच्याकडे गेलो. सरांनी तो दोन बोटांत धरून परत दिला.

"मल्लिनाथ, रिकामा फॉर्म असं काही नसतं. आळशी सर्वेक्षक असतो."

मी घरी येऊन फॉर्म भरायला बसलो. समोर अक्का जेवत होती. अक्का म्हणजे शिवलीला हत्तुरे, माझी थोरली बहीण. शाळेचे गणवेश शिवण्याच्या कारखान्यात ती मशीनवर बसते. घरात आम्ही दोघंच. तिच्या ताटात जे दिसलं ते मी लिहिलं: ज्वारीची दीड भाकरी, वाटीभर आमटी, शेंगाचटणी दोन चमचे, दही. नाव लिहिलं अनसूया, कारण ते पटकन सुचलं. वय लिहिलं एकतीस. वजनाचा रकाना राहिला. अक्काला वजन विचारायची माझी टाप नव्हती. सर्वेक्षकांच्या पुस्तिकेत पान एक्केचाळीसवर एक सूत्र होतं: अमुक इतकं खाणाऱ्या, अमुक उंचीच्या बाईचं वजन किती असायला हवं. मी आकडे घातले. उत्तर आलं चौपन्न किलो.

पुढची सहा वर्षं अक्का जेवत गेली आणि अनसूयाबाई चौपन्न किलोच्या राहिल्या. कुणी शोधायला आलं नाही. संशोधनात सहभागी माणसाची ओळख गुप्त ठेवतात. आमच्याकडे ती इतकी गुप्त होती, की माणूस नसला तरी काम अडत नव्हतं.

*

आता २०४१ साल आहे. त्या सर्वेक्षणातून 'पारख' नावाची यंत्रणा तयार झाली, आणि चांगले फॉर्म भरल्याबद्दल मला तिच्याच डेटा विभागात नोकरी मिळाली.

पारख काय करते ते सांगतो. आहारशास्त्राची जुनी दुखरी नस अशी, की माणसं काय खातात हे कुणालाच नक्की माहीत नसतं. त्यांना विचारावं लागतं, आणि माणसं विसरतात. मूठभर शेंगदाणे विसरतात, दुसऱ्यांदा घेतलेला चहा विसरतात, लग्नातली जिलेबी तर शपथेवर विसरतात. ज्यांना वजनावरून आयुष्यभर टोमणे बसलेत ते आणखी कमी सांगतात. अशा आठवणींवर शेकडो निष्कर्ष उभे राहिले. म्हणून तर एका वर्षी तूप वाईट ठरायचं आणि पुढच्या वर्षी त्याची माफी मागितली जायची.

पारख बनवणाऱ्यांनी यावर तोड काढली: कोण खरं बोलतंय ते आधी ओळखायचं. ज्यांचं सांगितलेलं खाणं आणि वजन सूत्राप्रमाणे जुळतं, ती घरं विश्वासाची. बाकी सगळ्यांना या घरांच्या मापाने मोजायचं. अडचण इतकीच, की जिवंत माणसाचं शरीर सूत्राप्रमाणे कधीच जुळत नाही. जुळलं ते फक्त अकरा घरांचं. त्यांत सदतीस नंबर पहिला आला, शंभरपैकी शंभर. मी सूत्रावरून बाई तयार केली होती आणि पारखने त्या बाईवरून सूत्र सिद्ध केलं होतं.

आज जिल्ह्यातल्या कुठल्याही दवाखान्यात मोठी तपासणी हवी असेल, तर आधी पारख तुमचा आहार ऐकते, वजन बघते आणि खरेपणाचा आकडा देते. साठच्या वर असेल तर तपासणी. खाली असेल तर आहाराचा कागद, आणि तीन महिन्यांनी परत या.

अक्का तिसऱ्यांदा परत आली होती.

"एकतीस," डॉक्टर म्हणाले.

"वजन?" अक्काने आशेने विचारलं.

"खरेपणा. वजन त्र्याऐंशी. ताई, मागच्या वेळी एक्क्याऐंशी होतं. तुम्ही सांगताय तेवढंच खात असाल तर हे वजन बसत नाही."

"तेवढंच खाते की."

"सगळे असंच म्हणतात."

"मग सगळ्यांना विचारता कशाला?"

डॉक्टर स्क्रीनकडे बघत होते. अक्का स्क्रीनपेक्षा बरीच मोठी होती, तरी त्यांना ती दिसली नाही. तिचा चेहरा वर्षभरात चंद्रासारखा गोल झाला होता. दंडावर निळे डाग होते. शिलाई मशीनच्या कडेला हात नुसता टेकला तरी उठायचे. पोट वाढत होतं आणि हातपाय मात्र काटक्या होत चालले होते. प्रिंटर कागद काढत असताना डॉक्टर म्हणाले, "भाकरी एकावर आणा."

दवाखान्याच्या बाहेर रिक्षाची वाट बघत अक्का पायरीवर बसली. रिक्षा आली. अक्का उठेना. मला वाटलं, रुसली.

"चल की अक्का."

"मल्ल्या," ती हळूच म्हणाली, "मांड्यांत जोर नाही रे. उठव मला."

मी काखेत हात घालून तिला उठवलं. रिक्षात बसल्यावर ती म्हणाली, "मी खोटं बोलते काय रे?"

"नाही."

"मग ते मशीन कुणाचं खरं मानतं?"

ते मला शोधता येण्यासारखं होतं.

*

दुसऱ्या दिवशी कार्यालयात मी तिची नोंद उघडली. एकतीस या आकड्याखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: 'तुलनेसाठी सर्वांत जवळचा आहार: घर क्रमांक ३७.' मी दोन्ही आहार शेजारी शेजारी ठेवले. दीड भाकरी, दीड भाकरी. शेंगाचटणी दोन चमचे, दोन चमचे. सोमवारी धपाटे, सोमवारी धपाटे. पारखने सोलापूर जिल्हा धुंडाळून अक्कासारखं जेवणारी दुसरी बाई शोधली होती आणि ती अक्काच निघाली होती. पण पहिली चौपन्न किलोची होती, म्हणून दुसरी खोटारडी.

मला हसू आलं. ते अर्ध्यात थांबलं, कारण अक्काची पुढची तारीख तीन महिन्यांनी होती आणि तोवर ती पायरीवरून उठेल असं मला वाटत नव्हतं.

मी गायधनी सरांच्या टेबलाशी गेलो, ते इथेही माझे साहेब होते. "सर, घर सदतीसबद्दल जरा बोलायचं होतं."

"नको बोलूस," सर म्हणाले.

"पण सर—"

"मल्लिनाथ, तक्रार आली की संबंधित सगळ्या नोंदी सहा महिने गोठवतात. नियम आहे. कुणाच्या तपासण्या अडकल्या असतील, त्याही गोठतात." त्यांनी चष्मा पुसला. "आणि वर्तक मॅडम सदतीसलाच बोलावणार आहेत. अकराही घरांना. जड पाणी पाजायला."

संस्थेच्या संचालक डॉ. निवेदिता वर्तक यांना पारखवर पहिल्यापासून थोडी शंका होती, आणि त्यांनी ती पक्की करायचं ठरवलं होतं. जड पाण्याची गंमत अशी: पाणी म्हणजे हायड्रोजन आणि ऑक्सिजन. या दोघांचे थोडे जड भाऊबंद असतात, शरीराला त्यांचा त्रास नसतो. ते घातलेलं पाणी माणसाला पाजतात. जड हायड्रोजन शरीरातून फक्त पाण्यावाटे बाहेर पडतो. जड ऑक्सिजन पाण्यावाटे पडतो आणि उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवाटेही. म्हणून तो लवकर संपतो. चौदा दिवस लघवी तपासून दोघांतला फरक काढला, की शरीराने किती इंधन जाळलं ते कळतं. त्याला वजनातल्या चढउताराची जोड दिली की माणूस खरोखर किती खातो तेही कळतं. त्याला काही विचारावंच लागत नाही. पद्धत जुनी आणि खात्रीची, पण हे पाणी फार दुर्मीळ. फक्त अकरा घरांपुरतं होतं.

खोटारड्यांच्या वाट्याला ते येणार नव्हतं. अनसूयाबाईंच्या वाट्याला येणार होतं.

*

"म्हणजे मी मी नाही म्हणून जायचं," अक्का म्हणाली.

"फक्त पंधरा दिवस."

"आणि ही कबाडीण कोण?"

मी सगळं सांगितलं. ती चटणी कुटत होती. मी बोलत गेलो तसा बत्त्याचा आवाज मंद होत बंद पडला.

"सहा वर्षं मी जेवताना तू टक लावून बघायचास. मला वाटायचं, भावाला माया आहे."

"होती की."

"चौपन्न किलो," ती म्हणाली. "मी चौदाव्या वर्षी होते रे चौपन्न. आता मला काट्यावर उभी करशील आणि ते म्हणतील, बाई तीस किलो कुठून आणलंत?"

"तेव्हा काय व्हायचं ते होईल. पण पाणी प्यायला मिळालं की तू किती खातेस ते उघड होईल. मग कुणी तुला खोटं म्हणू शकणार नाही."

"आणि तू धरला गेलास तर?"

"नोकरी जाईल. कदाचित पोलीस."

तिने बत्ता पुन्हा उचलला. दोन्ही हातांनी उचलावा लागला, ते मी बघितलं आणि मी बघितलं हे तिने बघितलं.

"उद्या साडी कुठली नेसू?" तिने विचारलं.

*

वजनकाटा मॅडमच्या खोलीत होता. खोलीत आम्ही चौघं: मॅडम, गायधनी सर, मी आणि अनसूयाबाई. सर नोंदवही घेऊन बसले होते. त्यांनी अक्काकडे एकदाही वर बघितलं नव्हतं.

"नाव?"

"अनसूया कबाडे," अक्का म्हणाली. घरी वीस वेळा म्हणून घेतलं होतं.

"वय?"

"चव्वेचाळीस."

फॉर्मप्रमाणे अनसूयाबाई चाळीस वर्षांच्या असायला हव्या होत्या. वयाचा सरावच आम्ही केला नव्हता. गायधनी सरांनी मान न उचलता चाळीस लिहिलं. तेव्हा मला कळलं, की सरांना सगळं माहीत आहे आणि कदाचित नऊ वर्षांपासून माहीत आहे.

"या, काट्यावर उभ्या राहा," मॅडम म्हणाल्या.

अक्का चढली. आकडा पळत सुटला आणि त्र्याऐंशी पूर्णांक चारवर थांबला. मॅडमनी आकड्याकडे बघितलं, मग जुन्या नोंदीकडे, मग पुन्हा आकड्याकडे. गायधनी सरांचं पेन हवेत राहिलं.

"चौपन्न होत्या ना ह्या?"

"तीन वर्षांपूर्वी, मॅडम," मी म्हणालो. माझा आवाज मला शेजारच्या खोलीतून आल्यासारखा वाटला.

"खाण्यात काही बदल?"

"काही नाही हो," अक्का म्हणाली. "दीड भाकरी. आमटी. शेंगाचटणी." हे मात्र ती आवाज न कापता म्हणाली. खरं होतं.

मॅडमनी आकडा पारखमध्ये भरला. स्क्रीनवर एक गोल फिरू लागला. वजन आणि खाणं जुळलं नाही तर पारखपुढे दोनच दारं असतात: माणूस खोटं बोलतोय किंवा शरीरात बिघाड आहे. अक्काच्या वेळी चारही खेपांना तिने पहिलं दार उघडलं होतं. मी गोलाकडे बघत होतो. अक्का काट्यावरून उतरायला विसरली होती. सरांनी डोळे मिटले होते, सिद्धेश्वराला काय कबूल करत होते कोण जाणे.

गोल थांबला.

'नोंद पूर्ण विश्वासार्ह. अंतःस्रावी ग्रंथींच्या आजाराची शक्यता ९४ टक्के. तातडीने तपासणी करा.'

मी दोनदा वाचलं. तीच बाई, तेच ताट, तोच काटा. शिवलीला हत्तुरे म्हणून ती खोटारडी होती. अनसूया कबाडे म्हणून ती आजारी होती. शंभरपैकी शंभर मिळाल्यामुळे तिच्यासाठी पहिलं दार बंदच होतं.

मग मॅडमनी एक गोष्ट केली, जी नऊ महिन्यांत कुणी केली नव्हती. त्या खुर्चीवरून उठल्या आणि त्यांनी अक्काकडे बघितलं. हात धरून दंडावरचे डाग पाहिले. मानेमागचा उंचवटा दाबून बघितला.

"हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठता येतं?"

"नाही," अक्का म्हणाली.

"कधीपासून?"

"पोळ्यापासून. चारदा सांगितलं की दवाखान्यात."

"कुठल्या दवाखान्यात? तुमची तर काहीच नोंद नाही."

"गावाकडच्या," गायधनी सर म्हणाले.

*

चौदा दिवस अक्का एका पांढऱ्या प्लास्टिकच्या डब्याशी नातं जोडून राहिली. पाणी प्यायली तेव्हा म्हणाली, "जड म्हणता, लागतं तर साधंच." दरम्यान रक्त गेलं, लाळ गेली, स्कॅन झाला. मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी एक ग्रंथी असते. डावीकडच्या टोपीत आवळ्याएवढी गाठ होती आणि ती रात्रंदिवस कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक रक्तात ओतत होती. हे संप्रेरक हातापायांचे स्नायू खातं आणि पोटावर, चेहऱ्यावर चरबी चढवतं. भाकरी एकावर आणली असती तर गाठीला फरक पडला नसता. अक्काला पडला असता.

पंधराव्या दिवशी मॅडमनी आम्हाला बोलावलं. जड पाण्याचा निकालही आला होता. "बाई खरं बोलतात," त्या म्हणाल्या. "सांगतात त्यापेक्षा रोज साधारण एकशे वीस कॅलरी जास्त खातात, तेवढ्या कुठून येतात कळत नाही. पण त्याने कुणी त्र्याऐंशी किलोचं होत नसतं. शस्त्रक्रिया गुरुवारी. सही करा."

त्यांनी संमतीपत्र पुढे सरकवलं. वर छापलं होतं: अनसूया कबाडे, वय ४०.

अक्काने पेन उचललं. वरचं नाव वाचलं. मग पेन टोपण लावून टेबलावर ठेवलं.

"मल्ल्या, मी हिच्या नावानं बेशुद्ध होणार नाही."

"अक्का, सही कर. नंतर बघू."

"नंतर कधी? आत काही झालं तर कबाड्यांना कळवतील. दहावं तेच घालतील. तू लांबून बघशील काय?" तिने माझ्याकडे पाहिलं. डोळे त्या गोल चेहऱ्यात बारीक झाले होते, पण नजर तीच, शाळेत खोटं बोलून घरी आलो की असायची ती. "नऊ महिने मी खरं बोलून खोटी ठरले. आता खोटं बोलून खरी होऊ? तू सांगतोस का मी सांगू?"

मॅडम आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत होत्या. "अक्का?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. कुलूप, रिकामा फॉर्म, पान एक्केचाळीस, सगळं. सांगायला चार मिनिटं लागली. सहा वर्षांच्या कामाचा सारांश म्हणून ते बरंच आटोपशीर होतं.

मॅडमनी संमतीपत्रावरचं नाव पेनाने खोडलं, वर 'शिवलीला हत्तुरे, वय ४४' लिहिलं, शेजारी स्वतःची सही केली आणि कागद अक्कापुढे ठेवला. "शस्त्रक्रिया गुरुवारीच होईल. गाठीला नाव लागत नाही." अक्काने सही केल्यावर त्या गायधनी सरांकडे वळल्या. "सर, उरलेली दहा घरं. जड पाणी प्यायला आजपर्यंत किती आली?"

सर पंख्याकडे बघत होते.

"दोन," ते म्हणाले.

"बाकीची आठ?"

"त्यांचे सर्वेक्षक माणसं शोधतायत, मॅडम."

*

गाठ निघाली. पारख बंद केली. तीन महिन्यांच्या तारखा मिळालेल्या चार हजार लोकांना फोन करून तपासायला बोलावलं गेलं, त्यातल्या कित्येकांना खरंच काही ना काही झालं होतं. मी निलंबित आहे. चौकशी समितीने जबाब लिहून मागितलाय, म्हणून हे सगळं लिहितोय.

अक्का घरी आली त्या दुपारी स्वयंपाक मी केला. भाकऱ्या नकाशासारख्या झाल्या. ती भिंतीला टेकून बसली आणि मी न सांगता तिने दीड खाल्ली. माझं जेवण झालं. मी उठायला लागलो तर तिचा हात माझ्या ताटाकडे आला. मी टाकलेली अर्धी भाकरी तिने उचलली, आमटीत बुडवली आणि खाऊ लागली.

मी तसाच उभा राहिलो.

"अक्का, हे काय?"

"काय? भाकरी टाकायची असते काय? लहानपणापासून अर्धी टाकतोस तू."

"म्हणजे रोज खातेस?"

"मग कोण खाणार? म्हैस आहे का आपल्या दारात?"

"आहार विचारला तेव्हा सांगितलं का नाहीस?"

तिने माझ्याकडे, मी परका सर्वेक्षक असल्यासारखं बघितलं. "त्यांनी विचारलं, काय खाल्लंत. हे खाणं आहे होय? हे संपवणं." तिने घास गिळला आणि तिच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. टाके दुखले म्हणून तिने पोट धरलं. "मग मशीनचं बरोबरच होतं की रे. बोलत होते मी खोटं. अर्ध्या भाकरीचं."

ज्वारीच्या अर्ध्या भाकरीत साधारण एकशे वीस कॅलरी असतात. मी पुस्तिकेत बघितलं. सहा वर्षं मी तिच्या ताटाकडे टक लावून बघत होतो, आणि ती माझ्या ताटातून जेवत होती.

जबाबाच्या शेवटी एक रकाना आहे: 'नोंदवायची राहून गेलेली बाब, असल्यास.' बाकीचे रकाने भरून झालेत. तिथे मी लिहिलं आहे: अर्धी भाकरी, रोज. खाणारी शिवलीला हत्तुरे. टाकणारा मी.